तेल कुठवर पोहोचते? मांडीवरचे खळगे आणि पायाची सूज

मोबाईल उघडला की हल्ली एक जाहिरात वारंवार समोर येते. मांडीवर, कमरेखाली, पोटाच्या कडेला त्वचेवर जे बारीक खळगे दिसतात, ते आमच्या ‘शंभर टक्के नैसर्गिक’ तेलाने काही आठवड्यांत जातील, असे तीत सांगितलेले असते. ब्युटी पार्लरमध्येही हाच सल्ला मिळतो. लहानशा बाटलीची किंमत पाहिली तर कधीकधी घरातल्या महिन्याभराच्या खोबरेल तेलापेक्षाही जास्त भरते. लग्न ठरलेल्या मुली आणि बाळंतपण झालेल्या भगिनी अशा तेलाला सहज भुलतात, कारण शरीराची लाज वाटायला लावणे हाच त्या जाहिरातीचा धंदा असतो.

म्हणून या महिन्याच्या पानावर आम्ही तेलाबद्दलच बोलणार आहोत. तेल त्वचेसाठी काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि कोणत्या पायाला तेल लावून चोळणे धोक्याचे आहे. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तो घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवा.

खळगे कशामुळे पडतात?

या खळग्यांना इंग्रजीत सेल्युलाईट म्हणतात. आपल्याकडे त्याला वेगळे नावच नाही, कारण आपल्या आजी-पणजीने त्याला कधी आजार मानले नाही. संत्र्याच्या सालीवर असतात तसे हे खळगे दिसतात. मांडी चिमटीत धरली की जास्त उठून दिसतात.

कापसाची गादी डोळ्यांसमोर आणा. गादीला जागोजागी टाके मारलेले असतात. टाका जिथे ओढला जातो तिथे खळगा पडतो आणि दोन टाक्यांच्या मधला कापूस वर फुगतो. आपल्या त्वचेखालीही असेच घडते. त्वचेखाली चरबीचा थर असतो. त्या थरातून चिवट धाग्यांच्या पट्ट्या त्वचेला खालच्या भागाशी बांधून ठेवतात. पट्टी त्वचेला खाली ओढते, मधली चरबी वर ढकलते आणि खळगे दिसू लागतात.

बाईच्या शरीरात या पट्ट्या बहुतेक उभ्या असतात, पुरुषाच्या शरीरात तिरप्या आणि एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे पुरुषांमध्ये हे खळगे क्वचितच दिसतात. वयात आलेल्या बायकांपैकी ८० ते ९० टक्के बायकांना मात्र ते कमी-जास्त प्रमाणात असतात. बारीक अंगाच्या मुलीलाही असतात. स्त्रीच्या शरीरातली संप्रेरके, आईकडून-वडिलांकडून आलेली ठेवण, वाढते वय आणि पातळ होत जाणारी त्वचा ही त्याची कारणे. वजन वाढले की खळगे जास्त दिसतात, पण वजन हे एकच कारण नव्हे.

दहातल्या आठ-नऊ बायकांना जे असते, त्याला आजार कसे म्हणायचे? या नावाचा प्रवास पाहिला की उत्तर मिळते. हा शब्द फ्रान्समधून आला. १९६८ साली ‘व्होग’ या अमेरिकी फॅशन मासिकाने तो इंग्रजी वाचकांपुढे ठेवला. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये सौंदर्य सलून चालवणाऱ्या निकोल रॉन्सार्ड यांचे या विषयावरचे पुस्तक आले आणि तेथून तो घरोघरी पोहोचला. १९७८ साली न्युर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी स्त्री-पुरुषांच्या त्वचेखालची रचना तपासली आणि हा बनवलेला आजार आहे असे आपल्या लेखाच्या मथळ्यातच म्हटले. म्हणजे खळगे पूर्वीपासून होते, त्यांची लाज मात्र नंतर आली आणि तिच्यामागोमाग बाटल्या आल्या.

तेल किती खोल जाते?

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. मांडीवर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, फार तर दोन शतांश असते. खोबरेल, तीळ, सूर्यफूल, बदाम अशी कुठलीही तेले लावली तरी ती मुख्यतः या थरातच राहतात. त्याखाली एक-दीड मिलिमीटर जिवंत त्वचा असते, आणि तिच्याही खाली ती चरबी व त्या पट्ट्या असतात. तेल तिथवर पोहोचत नाही. पत्र्याला रंग दिला म्हणून छपराखालचा वाकलेला वासा सरळ होत नाही, तसेच हे आहे.

मग तेल लावल्यावर पाय जरा गुळगुळीत दिसतो तो का? एक म्हणजे तेलाने कोरडी त्वचा मऊ होते आणि तिच्यावर चमक येते. दुसरे म्हणजे चोळल्याने त्या जागी रक्त जास्त येते, थोडे पाणी इकडून तिकडे सरकते आणि त्वचा किंचित फुगते. काही तासांत हे सगळे पूर्ववत होते. जाहिरातीतले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटोही नीट पाहा. आधीच्या फोटोत उजेड बाजूने पडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक खळग्याची सावली दिसते. नंतरच्या फोटोत उजेड समोरून असतो.

जोराने चोळून, लाटण्याने रगडून किंवा हवा ओढणारे कप लावून चरबी ‘फुटते’ असेही सांगतात. चरबी अशी फुटत नाही, बारीक रक्तवाहिन्या मात्र फुटतात आणि काळेनिळे डाग पडतात.

श्रीमंत देशांतही याला पक्का उपाय सापडलेला नाही. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये सेल्युलाईटसाठी एका इंजेक्शनला सरकारी मान्यता मिळाली होती. डाग आणि त्वचेचा रंग बदलण्याच्या तक्रारी आल्या आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीने ते बनवणे बंद केले. जिथे थेट त्या पट्टीत सुई टोचूनही समाधान झाले नाही, तिथे वरून चोळलेले तेल काय करणार?

बाळंतपणानंतर पोटावर राहणाऱ्या पांढऱ्या-तांबूस रेघांबद्दलही असाच समज आहे. गरोदरपणात पोटाला तेल किंवा क्रीम लावल्याने या रेघा टळतात का, हे पाहण्यासाठी झालेल्या सहा चाचण्या २०१२ साली एकत्र तपासण्यात आल्या. त्यांत ८०० बायका होत्या. तेल-क्रीम लावल्याने रेघा टळतात असा पुरावा त्यांत मिळाला नाही. गरोदर बाईच्या पोटाला खाज येते, तेव्हा हलक्या हाताने तेल लावले तर बरे वाटते. त्यासाठी घरचे साधे तेल पुरेसे आहे.

तेल खरोखर कुठे उपयोगी पडते?

तेल खोल जात नाही, पण वरचा थर ही आपल्या शरीराची भिंत आहे. साबण, कपडे धुण्याची पावडर, सिमेंट, ऊन आणि थंडी या भिंतीतली चिकटमाती काढून टाकतात. मग त्वचा फुटते आणि फटींतून जंतू आत शिरतात. तेल त्या फटी बुजवते आणि आतले पाणी उडू देत नाही. धुणीभांडी करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या हातापायांना याचीच गरज असते.

२००४ साली फिलिपिन्समधल्या एका अभ्यासात कोरड्या त्वचेच्या ३४ जणांना दोन आठवडे पायांना खोबरेल तेल किंवा खनिज तेल लावायला दिले. दोन्ही गटांची त्वचा सारखीच सुधारली. म्हणजे महागड्या मिश्रणाची गरज नाही. साधे खोबरेल चालते आणि मेडिकलमध्ये मिळणारी साधी पेट्रोलियम जेलीही चालते.

ढाक्याच्या शिशु रुग्णालयात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना हलक्या हाताने सूर्यफुलाचे तेल लावले, त्यांना रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. त्वचेची भिंत मजबूत राहिली तर जीव वाचू शकतो, हे यातून दिसते. पण हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. कमी दिवसांच्या बाळाला घरी काही लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सगळी तेले सारखी नसतात. सूर्यफूल आणि करडई या तेलांत त्वचेला उपयोगी पडणारे लिनोलिक आम्ल भरपूर असते. खोबरेल बहुतेकांना मानवते, पण तोंडावर मुरमे असतील तर तोंडाला लावू नये. मोहरीचे तेल जळजळ करू शकते, तान्ह्या बाळाला ते टाळावे. ऑलिव्ह तेलाचे नाव मोठे असले तरी ते त्वचेच्या वरच्या थराला सैल करते असे दिसून आले आहे. तळून उरलेले तेल किंवा सुगंध घातलेले केसांचे तेल अंगाला नको.

तेल लावायची पद्धत सोपी आहे. आंघोळ झाल्यावर अंग टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, थोडे तेल पसरवा. पूर्ण कोरड्या अंगावर तेल लावल्याने निम्मा फायदा जातो. नवीन तेल असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, चार-पाच दिवस लावून पाहा. खाज किंवा लाली आली नाही तरच पुढे वापरा.

टाचांच्या भेगांसाठी रात्री पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा, वजरीने हलकेच घासा, टिपून घ्या, तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा आणि सुती मोजे घालून झोपा. मधुमेह असलेल्यांनी मात्र पाय भिजत ठेवू नयेत आणि भेगांना ब्लेड लावू नये. त्यांच्या पायाला संवेदना कमी असते, भाजलेले-कापलेले कळत नाही. आणखी एक गोष्ट, बोटांच्या बेचक्यात कोणीही तेल लावू नये. तिथे ओल राहून चिखल्या होतात.

सुजलेला पाय ओळखा

आता मूळ मुद्दा. सेल्युलाईट या नावाशी जुळणारे दुसरे एक नाव आहे, सेल्युलायटिस. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे नाव दिसते आणि माणसे दोन्ही एकच समजतात. शेवटच्या अक्षरांचाच काय तो फरक, पण अर्थ मात्र पूर्ण वेगळा. सेल्युलाईट म्हणजे निरुपद्रवी खळगे. सेल्युलायटिस म्हणजे त्वचेत आणि तिच्याखाली पसरणारा जंतुसंसर्ग. वेळेवर औषध मिळाले नाही तर जंतू रक्तात जातात आणि जीवही जाऊ शकतो. याच घराण्यातल्या वरवरच्या आजाराला जुनी माणसे धावरे म्हणत आणि मंतरून घेत. मंत्राने जंतू मरत नाहीत.

हे जंतू आत कुठून येतात? टाचेच्या भेगेतून, चिखल्यांतून, चप्पल चावलेल्या जागेतून, खाजवून झालेल्या जखमेतून. पावसाळ्यात गल्लीत गटाराचे पाणी तुंबते आणि त्यातून चालावे लागते, तेव्हा धोका वाढतो. मधुमेह असलेल्यांना, पायाला जुनी सूज असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना तो जास्त असतो.

खुणा अशा असतात. बहुधा एकाच पायाला त्रास होतो. त्वचा लाल दिसते, सावळ्या वर्णावर ती लाल न दिसता काळपट-जांभळट दिसते. म्हणून रंगावर विसंबू नका. हाताने स्पर्श करून पाहा. तो भाग दुसऱ्या पायापेक्षा गरम, ताणलेला आणि दुखरा लागतो. जांघेत अवधाण येते, म्हणजे दुखरी गाठ उठते. थंडी वाजून ताप येतो.

अशा पायाला तेल चोळू नका. शेक, चुना, लेप काही लावू नका. पेनाने सुजेच्या कडेने रेघ मारून ठेवा, म्हणजे सूज पुढे सरकते का ते कळेल. पाय उशीवर उंच ठेवा आणि त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयात जा. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, नसेल तर साखर तपासून घ्या. अँटिबायोटिक गोळ्या सांगितल्या तितके दिवस पुऱ्या घ्या, दोन दिवसांत उतार पडला म्हणून सोडू नका. सूज रेघेबाहेर झपाट्याने पसरत असेल, फोड येऊन त्वचा काळी पडत असेल, माणूस बरळत असेल किंवा धाप लागत असेल तर १०८ नंबरला फोन करा.

आणखी काही सुजा आहेत, ज्यांना तेल-मालिश हा उपाय नव्हे:

• एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, विशेषतः बाळंतपण, ऑपरेशन किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. लगेच रुग्णालय गाठा.

• नडगीवर बोट दाबून धरले आणि काढल्यावर खड्डा तसाच राहिला, तर ते अंगात साठलेले पाणी आहे. दोन्ही पायांना असे होत असेल तर रक्त कमी असणे, किडनी, हृदय किंवा यकृत यांपैकी काही कारण असू शकते. तपासणी हवी.

• गरोदर बाईच्या चेहऱ्यावर आणि हातांवर सूज आली, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. एक दिवसही थांबू नका.

• पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे. तिथल्या किंवा तिथून आलेल्या माणसाच्या पायाला जुनाट सूज असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा, औषध मोफत मिळते. अशा पायाला रोज साबण-पाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे आणि पाय उंच ठेवणे हीच खरी सेवा. त्यामुळे वारंवार येणारा ताप आणि सूज कमी होते.

बाटली घेण्याआधी

‘नैसर्गिक’ या शब्दाने कोणी फसू नये. बिब्बाही नैसर्गिकच आहे, त्याचे तेल अंगाला लागले तर फोड येतात. खळग्यांसाठी विकल्या जाणाऱ्या तेलांत लिंबासारख्या फळांच्या सालीचा अर्क घातलेला असतो. असा अर्क लावून उन्हात गेल्यास काहींच्या त्वचेवर भाजल्यासारखे डाग पडतात.

बाटलीवर घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचे ती तारीख असलीच पाहिजे. यादीत आधी येणारा घटक सर्वांत जास्त असतो. तिथे साधे सूर्यफूल किंवा तिळाचे तेल असेल, तर तेच तेल किराणा दुकानात किती रुपयांना मिळते याचा हिशेब करा. लठ्ठपणा बरा करतो असे सांगून औषध विकणारी जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने बंदी आहे. फसवणूक झाली तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

खळगे कमी दिसावेत असे कुणाला वाटलेच, तर चालणे, जिने चढणे, उठाबशा काढणे यांनी मांडीचे स्नायू घट्ट होतात आणि त्वचा थोडी सपाट दिसते. खळगे पूर्ण जात नाहीत. पण गुडघे, साखर आणि रक्तदाब यांना त्याचा जो फायदा होतो, तो कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

भगिनींनो, मांडीवरच्या खळग्यांनी आजवर कुणाचा जीव गेलेला नाही. दुर्लक्षित भेगेतून शिरलेल्या जंतूंनी मात्र गेला आहे. म्हणून तेलाची वाटी घ्याल तेव्हा ती टाचांसाठी, फुटलेल्या हातांसाठी घ्या. घरात मधुमेह असलेले सासू-सासरे, आई-वडील असतील तर आज रात्री त्यांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. भेग, चिखली किंवा फोड दिसला तर उद्या सकाळीच दवाखान्यात न्या. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत पेनाची रेघ आणि गरम पाय या दोन गोष्टी सगळ्यांना सांगा. वस्तीतल्या एका घराने जरी त्या वेळेवर आठवल्या, तरी या पानाचे काम झाले.